नाळ पडायला उशीर का होतो? पेशींच्या पकडीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात बाळ-बाळंतिणीला भेटायला आलेली आजी आधी बाळाची बेंबी बघते. ‘नाळ पडली का?’ हा प्रश्न पाचवीपासून सुरू होतो आणि बहुतेक घरांत बारशाच्या आसपास मिटतो. ओलसर, निळसर-पांढरी नाळ वाळून काळी पडते, दोरीसारखी कडक होते आणि एके दिवशी लंगोट बदलताना हाती येते. ती नुसती वाळून गळत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्या देठाशी जमतात, तिथल्या ऊती विरघळवतात, तेव्हा ती सुटते. प्रत्येक उशिरामागे आजार असतो असं मुळीच नाही. पण महिना उलटूनही नाळ तशीच आहे, बेंबी लाल होऊन सुजली आहे आणि तरी पू दिसत नाही, असं असेल तर या पेशी तिथवर पोचतच नसाव्यात, ही शंका घ्यायला हवी.

तिथवर पोचायला पेशीला आधी पकड घ्यावी लागते. पेशी एकमेकींना धरतात कशा, हा प्रश्न जुना आहे. १९०७ साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पाण्यात पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांचा स्पंज तयार झाला. पकड दिसली, धरणारा हात दिसेना. १९७७ साली क्योतोच्या मासातोशी ताकेइची यांनी दाखवलं की कॅल्शियम असेल तर ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या रसायनालाही पेशींची एक पकड तोडता येत नाही. कॅल्शियम काढलं की ती जाते. त्या पकडीच्या प्रथिनाला पुढे कॅडहेरिन हे नाव मिळालं.

त्याचा आकार दिसला १९९५ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, क्ष-किरणांच्या मदतीने. पंचमीला पोरी फुगडी घालतात ती डोळ्यांपुढे आणा. हीचा हात तिच्या हातात, तिचा हीच्या. कॅडहेरिनचंही तेच: प्रत्येक रेणू आपल्या टोकाची पट्टी समोरच्याला देतो आणि त्या पट्टीवरचं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल समोरच्याच्या खोबणीत बसतं. अंग सैल सोडून फुगडी होत नाही. कॅडहेरिनच्या एकापुढे एक असलेल्या पाच खंडांच्या सांध्यांत कॅल्शियम बसतं आणि ते अंग ताठ ठेवतं.

नाळेच्या गोष्टीत मात्र हात आहे तो इंटेग्रिन या दुसऱ्या पकड-प्रथिनाचा. रक्तातून वाहत जाणारी पांढरी पेशी जखमेजवळ आधी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळते, मग इंटेग्रिनने भिंत घट्ट धरते आणि त्यानंतरच बाहेर पडते. अमीन अर्नाऊट यांनी १९८२ साली वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या एका मुलाच्या पांढऱ्या पेशींवर एक प्रथिन कमी असल्याचं मांडलं. ते याच घराण्यातलं निघालं. त्याच अर्नाऊट यांच्या गटाने २००१ साली बोस्टनला इंटेग्रिनच्या बाहेरच्या भागाची रचना उलगडली. हा रेणू सरळ उभा असेल अशी अपेक्षा होती. दिसला तो गुडघ्यात दुमडलेला. त्या मुलाच्या आजाराचा माग काढणाऱ्या डॉक्टरनेच जवळजवळ वीस वर्षांनी रेणूचा गुडघा दाखवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. पेशीच्या आतून इशारा मिळाला की असा बसलेला इंटेग्रिन उठून उभा राहतो आणि पकड घेतो.

पांढऱ्या पेशींवरच्या इंटेग्रिनचा एक भाग म्हणजे सीडी१८. त्याचा जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच पांढऱ्या पेशींची पकड सुटण्याचा हा आजार होतो. दोघंही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे एक बिघडलेली प्रत असेल, तर दर खेपेला चारात एक शक्यता. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, आणि एकाच आजोबाची बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची वाट तिथूनच जाते. यात बाळंतिणीला दोष देणाऱ्यांना हे ठणकावून सांगायला हवं की प्रत दोघांकडूनही आलेली असते.

सीडी१८ आहे की नाही हे थोड्याशा रक्तावर फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी यंत्रातून तपासून, कळतं. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था अशा आजारांवर काम करते. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मुख्य इलाज आहे. म्हणून नवरा-बायको नात्यातले असतील, आधीचं एखादं मूल तान्हेपणीच जंतुसंसर्गाने गेलं असेल आणि या बाळाची नाळ महिनाभर पडली नसेल, तर हळद-तेल लावत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना ‘नाळ कधी पडली, की अजून पडलीच नाही’ हे आपणहून सांगा.