परलिपी टंकलेखन (ग्रामीण विदर्भ)

संगणकाच्या कळफलकावर जी अक्षरे छापलेली नाहीत अशा लिपीत मजकूर लिहिणे म्हणजे परलिपी टंकलेखन. हा शब्द ऐकला की जपानी, रशियन अशा दूरदेशीच्या लिप्या डोळ्यांपुढे येतात. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत मात्र परलिपी शेजारच्या घरातली असते. सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली, बाळापूर-अचलपूरच्या बाजूला उर्दू, अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी आणि गडचिरोली-गोंदियाच्या रानातली गोंडी. या लिप्या माणसांना परक्या नाहीत, कळफलकाला परक्या आहेत. त्या हिशेबाने मराठीही परकीच, कारण ग्रामपंचायतीत, सेवा केंद्रात किंवा बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जो कळफलक असतो त्याच्यावर रोमन अक्षरेच असतात.

म्हणून सुरुवात मराठीपासूनच करायला हवी. परलिपीची बहुतेक दुखणी इथे आधी मराठीनेच सोसली आहेत. तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिलेली पिढी रेमिंग्टन यंत्रावर तयार झाली. संगणक आला तेव्हा तीच कळरचना तिने सोबत आणली आणि कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, सुरेख असल्या फॉन्टांवर काम सुरू केले. या फॉन्टांत संगणक साठवत असे रोमन चिन्हेच, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवी. कृतिदेवात ‘भारत’ लिहा, आत साठतात एच, के, के, जे, आर ही पाच चिन्हे. पहिल्या दोहोंचा मिळून भ, तिसऱ्याचा काना, मग र आणि त. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर हीच फाइल उघडली की पाच रोमन अक्षरे दिसतात, देश दिसत नाही. शिवाय एका फॉन्टचे संकेत दुसऱ्याला चालत नाहीत. ग्रामसभेचे ठराव, सोसायटीची इतिवृत्ते, लग्नपत्रिकांचे मजकूर असे कितीतरी लेखन या रूपात अडकून पडले आहे. ते बाहेर काढायला रूपांतरक लागतो, आणि रूपांतर झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात.

यावरचा खरा उपाय युनिकोड. यात प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे आणि फॉन्ट बदलला तरी तो बदलत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. देवनागरी तिच्यात होती, १२८ जागांचा खण तिला मिळाला होता. तरी खेड्यात ती पोचायला वेळ लागला. विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्या नीट चालण्यासाठी जादा फायली सीडीवरून टाकाव्या लागत, आणि ती सीडी हाताशी नसली की अक्षरांच्या जागी चौकोनी डबे दिसत.

युनिकोड म्हणजे साठवण. अक्षरे उमटवायची कशी, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे जे उत्तर आपल्याकडे आहे त्याची कदर झालेली नाही. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही कळरचना मांडली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. तिचा मोठा गुण असा, की ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना ती एकच आहे. जिथे क आहे तिथेच तेलुगू क, बंगाली क, कन्नड क. भाषा बदलली तरी बोटांना नव्याने शिकावे लागत नाही.

‘सिरोंचा’ हा शब्दच घेऊ. इन्स्क्रिप्टमध्ये एम या कळीवर स, एफवर पहिली वेलांटी, जेवर र, एवर ओकार, एक्सवर अनुस्वार, अर्धविरामाच्या कळीवर च आणि ईवर काना. सात कळा, सात ठोके. आता टास्कबारावर मराठीच्या जागी तेलुगू निवडा आणि हेच ठोके पुन्हा द्या. पडद्यावर तेलुगू लिपीतले गाव उमटते. तेलुगूत शेवटचा काना बहुधा लावत नाहीत, म्हणून सहाच ठोके पुरतात. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरच्या या गावात दुकानाच्या पाटीपासून पत्रिकेपर्यंत दोन्ही लिप्यांची गरज पडते. तिथल्या मराठी टंकलेखकाला तेलुगूसाठी वेगळे बोट लागत नाही, अक्षरांची ओळख मात्र लागते. अडखळायला होते ते ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ या दोन स्वरांपाशी. मराठीला ते नाहीत, तेलुगूला आहेत, आणि डाव्या कडेच्या त्यांच्या कळांवर मराठी लिहिताना बोट जातच नाही. ते चुकले की माणसाचे नाव चुकते, आणि दाखल्यावर नाव चुकले तर दुरुस्तीसाठी चकरा घालाव्या लागतात.

असे असूनही गावोगावी चालते ती रोमनमधून मराठी लिहिण्याची रीत. मोबाइलवर तर तीच. तिच्यात वाईट काही नाही, पण तिच्यामुळे सवय इंग्रजी स्पेलिंगची लागते. ‘ण’ की ‘न’, ‘ळ’ की ‘ल’ हे यंत्राच्या अंदाजावर सोडले जाते आणि तेलुगू किंवा बंगालीकडे जाणारी ती आयती वाट बंद होते. टायपिंगच्या वर्गात इन्स्क्रिप्ट आवर्जून शिकवावे, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

बंगाली ही पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींसोबत गडचिरोलीत रुजली. तिच्यात व आणि ब यांना एकच अक्षर आहे, त्यामुळे मराठी नावे लिहिताना गोंधळ होतो. खंड त या खास बंगाली अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००५ साली मिळाली. त्याआधीच्या मजकुरात ते त आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) यांची जोडणी करून लिहिलेले सापडते.

उर्दूला इन्स्क्रिप्टची ही सोय लागू नाही. ओळ उजवीकडून चालते, पण मधे आलेली तारीख किंवा गट क्रमांक डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो. तिथे कर्सर अचानक उडी मारतो आणि नवशिक्याला वाटते संगणक बिघडला. ‘ज़’ या एका उच्चारासाठी ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय अशी चार अक्षरे आहेत. कोणते कुठे ते कानाने कळत नाही, शब्द डोळ्यांना ठाऊक असावा लागतो. याहून अवघड चूक ती, जी डोळ्यांना दिसतच नाही. काफ, ये आणि हे या अक्षरांना अरबीचे संकेत वेगळे आहेत आणि उर्दूचे वेगळे. कळरचना चुकून अरबी निवडली गेली तर छापील पानावर काफ जवळपास तसाच दिसतो, पण यादीत नाव शोधायला गेले की संगणक ‘सापडत नाही’ म्हणतो. शाळेच्या पटावर नाव आहे आणि शोधून मिळत नाही, त्यामागे अशी एखादी कळ असू शकते.

तिबेटी ही या भागातली खरी परदेशी लिपी. गोठणगाव-प्रतापगड परिसरात नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ साली उभी राहिली. लिपीचे मूळ भारतीयच, क, ख, ग, ङ हा क्रमही ओळखीचा. जोडाक्षराची रीत मात्र निराळी. देवनागरीत ‘स्क’ म्हणजे स, हलन्त आणि क असे तीन संकेत. तिबेटीत खाली बसणाऱ्या क ला स्वतःचाच संकेत आहे, म्हणून दोनांत काम होते. शब्दाच्या दर उच्चार-तुकड्यानंतर त्सेग नावाचा टिंब द्यावा लागतो. ओळ मोडते ती या टिंबापाशीच, तो विसरला तर मजकूर समासाबाहेर धावतो. विंडोजमध्ये तिबेटीची सोय २००७ साली, व्हिस्टासोबत आली.

शेवटी गोंडी, आणि तिला परलिपी म्हणताना मन कचरते. ही तर याच मातीतली. बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली घडवलेली मसराम गोंडी आणि आदिलाबादच्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली गुंजाळा गोंडी अशा तिच्या दोन लिप्या आहेत. युनिकोडमध्ये पहिली २०१७ साली आली, दुसरी २०१८ साली. मसराम गोंडीत हलन्ताची दोन चिन्हे आहेत: एक अक्षराचा पाय मोडलेला दाखवते, दुसरे जोडाक्षर घडवते. देवनागरीत ही दोन्ही कामे एकच चिन्ह करते, म्हणून मराठीवरून आलेला हात इथे हमखास फसतो. गूगलच्या नोटो या फॉन्टमालिकेत दोन्ही लिप्यांचे फॉन्ट फुकट मिळतात. कळरचना वेगळी बसवलेली नसेल तर अक्षरसारणीतून एकेक अक्षर उचलून ठेवावे लागते, आणि पाच ओळींचे निमंत्रण लिहिता लिहिता दुपार सरते. समोरच्या माणसाच्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर त्याला पुन्हा चौकोनी डबेच दिसतात. म्हणून गोंडी मजकूर बहुधा फोटो करून पाठवला जातो, वाचता येतो, पण त्यातला शब्द शोधता येत नाही. लांबलचक लेखन असले की विदर्भात गोंडी देवनागरीतच टंकली जाते.