लॅपटॉपचा आय५ आणि डेस्कटॉपचा आय५: फरक आला कुठून?

बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली की नाशकात कॉलेज रोड असो नाहीतर नाशिकरोड, कॉम्प्युटरच्या दुकानात आईबाबा हमखास विचारतात, लॅपटॉपमधे पण आय५ (इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप) आणि डेस्कटॉपमधे पण आय५, मग दोन्ही सारखेच ना? नाहीत. आणि का नाहीत ते कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण हा घोळ बराच जुना आहे.

इंटेलने १९९० मधे ३८६एसएल नावाचा प्रोसेसर काढला तो खास पोर्टेबल मशीनसाठी, वीज वाचवायची सोय चिपमधेच होती. मग २००० च्या जानेवारीत स्पीडस्टेप आलं, म्हणजे ६५० मेगाहर्ट्झचा मोबाइल पेन्टियम ३ बॅटरीवर गेला की ५०० वर यायचा आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ वर उतरायचं. सगळी मेख इथेच आहे. चिपला लागणारी वीज स्पीडच्या प्रमाणात वाढते आणि वर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात पण वाढते, त्यात स्पीड वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे शेवटचा थोडासा स्पीड काढायला भरमसाट वीज जाते आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉपच्या कॅबिनेटमधे मोठा कूलर बसतो, लॅपटॉपच्या पातळ बॉडीत बसत नाही. एवढंच कारण, पण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

या इतिहासातला खरा वळणाचा काळ माझ्या मते २००३ ते २००६. तेव्हा डेस्कटॉपवर पेन्टियम ४ चं राज्य होतं आणि जाहिरातीत एकच गोष्ट, गिगाहर्ट्झ, म्हणजे स्पीडचा आकडा. २००४ च्या फेब्रुवारीत त्याचीच नवी आवृत्ती प्रेस्कॉट आली, पाइपलाइन (एक सूचना ज्या टप्प्यांतून पुढे सरकते ती साखळी) २० वरून ३१ टप्प्यांची केली ती स्पीड चढवायलाच, पण चिप गरम इतकी की ३.८ च्या मॉडेलला ११५ वॅट लागायचे आणि ४ गिगाहर्ट्झचा प्लॅन ऑक्टोबरमधे इंटेलला गुंडाळावा लागला. आणि त्याच कंपनीच्या इस्रायलमधल्या हैफाच्या टीमने २००३ च्या मार्चमधे लॅपटॉपसाठी पेन्टियम एम दिला होता, १.६ गिगाहर्ट्झ, २४.५ वॅट, आणि बऱ्याच कामात तो २ च्या वरच्या पेन्टियम ४ शी बरोबरी करायचा! कारण तो एका क्लॉकमधे, म्हणजे चिपच्या एका ठोक्यात, जास्त काम उरकायचा. लोकांना ते इतकं पटलं की आसूसने तो डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बसवायला अडॅप्टर काढला.

शेवटी इंटेलनेही तोच रस्ता धरला. २००६ च्या जुलैमधे आलेला कोअर २ ड्युओ या लॅपटॉपवाल्या विचारातूनच पुढे आलेला. २.४ गिगाहर्ट्झचा ई६६०० हा ६५ वॅटमधे ३.६ च्या पेन्टियम डी ला, म्हणजे पेन्टियम ४ च्याच दोन कोअरवाल्या भावाला, मागे टाकायचा. म्हणजे आज ज्याला आपण डेस्कटॉपचा दणकट प्रोसेसर म्हणतो त्याचं मूळ लॅपटॉपच्या चिपमधे आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

मग घोळ कुठे झाला तर नावात. आय३, आय५, आय७ ही नावं दोन्हीकडे वापरली गेली पण आतला माल वेगळा. २०१७ च्या सुरुवातीचंच बघा, डेस्कटॉपचा आय५ ७४०० म्हणजे ४ कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ६५ वॅट, आणि लॅपटॉपचा आय५ ७२००यू म्हणजे फक्त २ कोअर, १५ वॅट. स्टिकरवर दोन्हीकडे आय५च! ज्याने नुसतं स्टिकर बघून घेतला त्याला अर्धे कोअर मिळाले, आणि मला हे ग्राहकावर अन्याय करणारंच वाटतं. त्याच वर्षी ऑगस्टमधे ८२५०यू आला तेव्हा कुठे १५ वॅटमधे ४ कोअर मिळाले.

पण कोअर सारखे झाले तरी वॅट सारखे होत नाहीत. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपसाठी जे लॅपटॉपवर कॅडचं काम करतात त्यांनी टास्क मॅनेजर उघडून बघावं. पार्ट उघडणं, फिरवणं, एखादं फीचर टाकणं हे बहुतेक एका कोअरवर झटक्यात होतं, तिथे लॅपटॉप डेस्कटॉपच्या जवळपास राहतो. पण रेंडर (डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र तयार करणं) लावला की सगळे कोअर कामाला लागतात, पहिला साधारण अर्धा मिनिट स्पीडचा आकडा वर असतो, मग पॉवर लिमिट, म्हणजे ठरलेली वॅटची मर्यादा, लागते आणि तो आकडा खाली येऊन तिथेच बसतो. त्यात एप्रिल-मेचा उकाडा आणि फॅनमागच्या बारीक पट्ट्यांत धूळ अडकलेली असेल तर अजून खाली.

एकच चिप दोन्हीकडे वापरायचे प्रयोगही झाले. २०२० च्या नोव्हेंबरमधे ॲपलने स्वतःचा एम१ आणला, तीच चिप फॅन नसलेल्या मॅकबुक एअरमधे आणि तीच मॅक मिनी या डेस्कटॉपमधे. इंटेलने २०२२ मधे उलटं केलं, डेस्कटॉपचीच १६ कोअरची चिप आय९ १२९००एचएक्स नावाने लॅपटॉपमधे घातली, पण बेस, म्हणजे मूळ ठरलेली वीज, ५५ वॅट, डेस्कटॉपच्या १२९००के ला १२५.

अजून एक गोष्ट, लॅपटॉप बनवणारी कंपनी वॅट स्वतः ठरवू शकते. तोच ८२५०यू १० वॅटवर पण चालवता येतो आणि २५ वर पण, म्हणून एकाच प्रोसेसरच्या दोन लॅपटॉपमधे रेंडरचा वेळ बराच वेगळा येऊ शकतो. दुकानात प्रोसेसरचं पूर्ण नाव नंबरासकट विचाराच, आणि तो त्या मॉडेलमधे किती वॅटवर चालतो तेही विचारा.