चेतापेशींचे वैविध्य व जनुक नियमन

मेंदूतील मूलपेशींपासून आकार, जोडण्या व रासायनिक संदेशवाहक या बाबतींत परस्परांहून भिन्न अशा चेतापेशी निर्माण होण्याचे जनुकीय नियंत्रण. प्रौढ मानवी मेंदूत सु. ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांचा जनुकसंच जवळजवळ एकच असतो. फरक पडतो तो कोणते जनुक केव्हा व कोठे कार्यान्वित होते यामुळे. हे काम मुख्यत्वे प्रतिलेखन घटक करतात. ही प्रथिने डीएनएवरील ठराविक क्रमांना चिकटून जनुकांचे प्रतिलेखन (जनुकाची आरएनए प्रत बनणे) वाढवतात किंवा थोपवतात.

स्थानाचा प्रभाव मेरुरज्जूत स्पष्ट दिसतो. तेथे अधर बाजूकडून पसरणाऱ्या सॉनिक हेजहॉग या संदेशवाहक प्रथिनाची संहती वर जाताना कमी होत जाते. तिला प्रतिसाद देणारे पॅक्स६ व एनकेएक्स२.२ हे प्रतिलेखन घटक एकमेकांना दाबतात आणि त्यामुळे मूलपेशींचे रेखीव सीमांचे पट्टे पडतात.

काळाचा प्रभाव फळमाशीच्या भ्रूणात सर्वाधिक तपशिलाने तपासला गेला आहे. तेथील मूलपेशी, म्हणजे न्यूरोब्लास्ट, वाढत्या वयानुसार हंचबॅक, क्रुपेल, पीडीएम व कॅस्टर हे प्रतिलेखन घटक या क्रमाने निर्माण करते. या शोधाचे श्रेय बहुधा क्रिस डो यांच्या गटाच्या २००१ मधील शोधनिबंधाला दिले जाते. तथापि वॉर्ड ओडनवाल्ड यांच्या प्रयोगशाळेने १९९८ मध्येच हंचबॅक, पीडीएम व कॅस्टर यांचे थर आणि त्यांचे परस्परनियंत्रण दाखवले होते. क्रमाची कल्पना त्या कामातून आली आणि प्रत्येक घटक पेशीची ओळख ठरवतो याचा पुरावा नंतरच्या कामाने दिला, असे मानणे अधिक योग्य ठरेल. ७-१ क्रमांकाच्या न्यूरोब्लास्टपासून यू१ ते यू५ या पाच प्रेरक चेतापेशी एकामागून एक जन्मतात. पहिल्या दोन हंचबॅकच्या काळात, यू३ क्रुपेलच्या काळात आणि उरलेल्या त्यानंतर. हंचबॅक टिकवून धरल्यास सुरुवातीच्या प्रकारच्या पेशी वाढतात. काढून टाकल्यास त्या गळतात, पण पुढच्या प्रकारांची निर्मिती चालू राहते. हंचबॅककडून क्रुपेलकडे जाण्यास पेशीविभाजन आवश्यक असते, पुढचे टप्पे त्याविनाही पार पडतात. सु. पाच विभाजनांनंतर मात्र न्यूरोब्लास्ट हंचबॅकला दाद देत नाही. २०१३ मध्ये असे आढळले की त्या सुमारास हंचबॅक जनुक केंद्रकाच्या कडेला सरकते. जनुकाची केंद्रकातील जागाही पेशीची क्षमता ठरवू शकते, याचा हा विशेष मोलाचा पुरावा होय.

न्यूरोब्लास्टच्या विभाजनातून झालेली पेशी पुन्हा एकदा विभागते. नम्ब हे प्रथिन दोन कन्यापेशींपैकी एकीतच जाते व तिच्यातील नॉच संकेत (शेजारच्या पेशीकडून येणारा संदेश) दाबते. परिणामी सख्ख्या बहिणी असूनही दोन्ही चेतापेशी वेगळ्या घडतात.

सस्तन प्राण्यांच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाह्य आवरणात) रेडियल ग्लाया या मूलपेशी आधी खोल थरांच्या व मग वरच्या थरांच्या चेतापेशी देतात. सॅटबी२ हा घटक सीटिप२ जनुक दाबतो आणि त्या चेतापेशीचा तंतू दुसऱ्या गोलार्धाकडे वळतो. मूलपेशींची क्षमता उत्तरोत्तर आखडते का, हा येथील वादाचा विषय आहे. सुसन मॅकॉनेल यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये फेरेट या मुंगसासारख्या सस्तन प्राण्यावर केलेल्या प्रयोगांत उशिराच्या मूलपेशी लहान वयाच्या मेंदूत रोपण केल्यावरही खोल थरांच्या पेशी देत नव्हत्या. २०१९ मधील उंदरांवरील प्रयोगांत रेडियल ग्लाया मागच्या टप्प्यावर परतल्या, मध्यवर्ती पूर्वगामी पेशी (रेडियल ग्लायापासून बनून पुढे चेतापेशी देणाऱ्या पेशी) मात्र परतल्या नाहीत. दोन्ही निष्कर्षांतील विसंगती पेशींच्या प्रकारांमुळे असावी, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. कक्स२ जनुक दर्शवणाऱ्या मूलपेशी आरंभापासूनच वरच्या थरांसाठी ठरलेल्या असतात, हे २०१२ मधील मत मात्र नंतरच्या प्रयोगांत फारसे टिकले नाही.

अंतिम ओळख टिकवण्याचे काम ज्या घटकांकडे असते, त्यांना ऑलिव्हर होबर्ट यांनी अंतिम निवडक घटक म्हटले. सीनोरॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीच्या उभयलिंगी प्राण्यात ३०२ चेतापेशींचे ११८ वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात होमिओबॉक्स जनुकांचा (प्रतिलेखन घटक बनवणाऱ्या जनुकांच्या एका कुलाचा) वेगळा संच कार्यरत असतो. यूएनसी-८६ व एमईसी-३ हे या कृमीतील दोन घटक एकत्र आल्यावरच स्पर्शग्राही चेतापेशीची जनुके पूर्णपणे चालू होतात.