वस्तीतली डूला : पार्श्वभूमी

बाळंतिणीजवळ बसणारी अनुभवी बाई कोणत्याही समाजाला नवी नाही. अमेरिकेत मात्र तिला आधी बाहेर काढले गेले आणि ती परतली तेव्हा 'डूला' या उसन्या नावाने परतली. दक्षिणेकडील राज्यांत 'ग्रॅनी मिडवाइफ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय सुइणींनी पिढ्यानपिढ्या बाळंतपणे केली होती. माता-बालकांच्या आरोग्यसेवेला सरकारी निधी देणाऱ्या १९२१च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर त्यांच्यावरील सरकारी देखरेख वाढली, प्रसूती हळूहळू रुग्णालयांत होऊ लागल्या आणि १९७६मध्ये अलाबामाने या सुइणींचे काम कायद्यानेच थांबवले.

'डूला' हा ग्रीक शब्द मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफाएल यांनी १९७३मध्ये स्तनपानाच्या काळात आईला आधार देणाऱ्या स्त्रीसाठी वापरला. त्याचा मूळ अर्थ 'दासी' असल्यामुळे तो आजही अनेकींना खटकतो, आणि गुलामगिरीचा इतिहास असलेल्या देशात तो खटकावा यात नवल नाही. प्रसूतीशी हा शब्द जोडला गेला तो ग्वाटेमालातील एका रुग्णालयात झालेल्या अभ्यासामुळे. बालरोगतज्ज्ञ जॉन केनेल, मार्शल क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणात दाखल होण्यापासून प्रसूतीपर्यंतचा सरासरी वेळ सोबतीण असताना ८.८ तास, तर ती नसताना १९.३ तास आढळला. अभ्यासातील स्त्रियांची संख्या लहान होती. पण या सोबतिणी परिचारिका किंवा सुइणी नव्हत्या, केवळ पाठ चोळत, हात धरत आणि धीर देत शेवटपर्यंत थांबणाऱ्या साध्या बायका होत्या, हे अधिक बोलके होते.

१९९२मध्ये डूलांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि प्रशिक्षण, प्रमाणपत्र, शुल्क अशी व्यवसायाची चौकट तयार झाली. परिणामी, ही सेवा मुख्यतः पदरचे पैसे मोजू शकणाऱ्या कुटुंबांकडे वळली. ज्या वस्त्यांतून सुईण गेली होती, तिथे मात्र डूला पोहोचलीच नाही.

ही उणीव ओळखून शिकागो हेल्थ कनेक्शन या संस्थेने १९९६मध्ये अल्पवयीन मातांसाठी वस्तीतूनच डूला निवडण्याचा प्रयोग सुरू केला. त्याच गल्लीतली, तीच बोली बोलणारी, स्वतः आई झालेली बाई गरोदरपणातच घरी येऊ लागे, कळा सुरू झाल्यावर सोबत जाई आणि बाळंतपणानंतरही अनेक महिने दूध पाजण्यापासून आईच्या खचलेल्या मनापर्यंत सगळ्याची विचारपूस करी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली रीत आठवावी. इथे फरक एवढाच की हे माहेर दारी चालत येत होते.

पुढे प्रश्न उरला पैशांचा. २०२१मध्ये अमेरिकेत दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, तर श्वेतवर्णीय मातांमध्ये हे प्रमाण २६.६ होते, या तफावतीमुळे मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून डूलांना मानधन देण्याची मागणी बळावली. ओरेगॉन आणि मिनेसोटा यांनी ती वाट आधीच धरली होती, कॅलिफोर्निया २०२३मध्ये सामील झाले. तरीही ओरेगॉनचा सुरुवातीचा दर एका प्रसूतीमागे अवघा ७५ डॉलर होता. बारा-पंधरा तास जागणाऱ्या बाईला तो परवडणे शक्यच नव्हते, आणि २०१७मध्ये तो ३५० डॉलरपर्यंत वाढवावा लागला.