फोन कानाला लावला की ऐकण्याची मशीन शिट्टी का मारते?

डिचोलीला माझी मावशी राहते. लेकीने तिला फोनवर सांगितलं, "सातची बस पकड." मावशी आठला स्टँडवर. घरी सगळ्यांचं एकच, "फोनचा आवाज वाढवून घे गं!" हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो निम्माच खरा आहे. मावशीला आवाज नीट आला होता, फक्त त्यातला 'स' आला नव्हता.

वय वाढतं तशा आतल्या कानातल्या केशपेशी झिजतात, आणि त्यातही उंच स्वर टिपणाऱ्या आधी. 'स'चा सुस्कारा बराचसा 4000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4000 कंपनांच्या, वरचा. लँडलाइनवरून मात्र साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. म्हणजे 'स' मावशीच्या कानाशी येण्याआधीच अर्धामुर्धा गळालेला असतो. 'सात'मधला 'स' गेला की उरतं 'आत', आणि आपलं डोकं त्याचं 'आठ' करून टाकतं. जे तारेतून आलंच नाही, ते मोठं कसं करणार? मोबाइलच्या व्हीओएलटीई (4जी नेटवर्कवरून जाणाऱ्या) कॉलमध्ये हा पट्टा 7000 हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तोच शब्द तिथे जास्त स्वच्छ लागतो.

पुढे मावशीला कानामागे बसणारी ऐकण्याची मशीन, म्हणजे श्रवणयंत्र, घेतलं. पहिलाच फोन आला, तिने रिसीव्हर कानाला लावला आणि मशीन कुईंऽऽ करून ओरडली. "बिघडलेली दिली" म्हणत तिने ती काढून डबीत ठेवली. मशीन बिघडलेली नव्हती. जत्रेच्या नाटकात माईक स्पीकरच्या तोंडाशी गेला की जी शिट्टी घुमते, तीच ही. मशीनने कानात सोडलेल्या आवाजातला थोडा फटीतून बाहेर येतो, रिसीव्हरवर आपटून परत मशीनच्या माईकमध्ये शिरतो, तिथे पुन्हा मोठा होतो. मशीन 40 डेसिबल वाढवत असेल तर आवाजाचा दाब 100 पट होतो. मग शंभरावा हिस्सा जरी परत माईकपाशी आला, तरी चक्र पुरं झालं. शिट्टी सुरू!

यावरचा उपाय मला विजेच्या सगळ्या उपयोगांत सुंदर वाटतो. त्याचं नाव टेलिकॉइल. मशीनच्या पोटात लोहचुंबकीय धातूच्या बारीक दांडीवर केसाहून पातळ तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते. जुन्या रिसीव्हरमध्ये बोलण्याचा विद्युतप्रवाह वेटोळ्यातून जातो आणि पातळ पत्रा हलवतो. हे होताना थोडं चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं. आवाजाबरोबर ते कमीजास्त होत राहतं, आणि बदलतं क्षेत्र वेटोळ्यात वीज उपजवतं, हे फॅराडेने 1831 मध्ये दाखवलं. मशीन 'टी'वर, म्हणजे टेलिकॉइलवर, लावली की माईक बंद आणि वेटोळं चालू. हवेतला आवाज आत घेतलाच जात नाही, मग शिट्टी कुठून येणार? शेजारचा टीव्ही, विळीवर नारळ किसल्याचा आवाज, सगळं गप्प होतं आणि फक्त फोनवरचा माणूस उरतो.

थोडं आणखी खोलात जाऊ. वेटोळ्यातला विद्युतदाब क्षेत्र किती आहे यावर ठरत नाही, ते किती वेगाने बदलतं यावर ठरतो. वारंवारता दुप्पट झाली की दाबही दुप्पट, म्हणजे दर सप्तकाला 6 डेसिबलची चढण. ही चढण सपाट करणारी जोडणी मशीनमध्ये करावी लागते, नाहीतर बोलणं चिरकं वाटतं. शिवाय कोनाचा हिशोब. क्षेत्राच्या रेषा वेटोळ्याच्या अक्षाला समांतर असतील तर सगळ्यात जास्त वीज, काटकोनात असतील तर शून्य. म्हणूनच फोन कानाच्या भोकावर न धरता जरा वर आणि मागे, मशीनपाशी धरायचा आणि हळूहळू तिरका करत जायचं. एका जागी आवाज एकदम उघडतो. इन्व्हर्टरजवळ किंवा जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली मात्र 'घूंऽऽ' ऐकू येतं, कारण घरातली 50 हर्ट्झची वीजही क्षेत्र सांडतेच.

रिसीव्हरमधून क्षेत्र बाहेर सांडणं ही मुळात गळती होती, आणि पुढच्या काही रिसीव्हरांत ती कमी झाल्यावर मशीनवाल्यांचे फोन मुके झाले. अमेरिकेने 1988 मध्ये कायदाच केला की फोन श्रवणयंत्राशी जुळणारे हवेत. मोबाइल आले आणि जीएसएम या मोबाइलच्या जुन्या पद्धतीच्या, सेकंदाला 217 वेळा ठोके देणाऱ्या लहरींनी मशीनमध्ये गुरगुर होऊ लागली. तेव्हा हँडसेटला माईकसाठी 'एम' आणि कॉइलसाठी 'टी' अशी 1 ते 4 श्रेणी देण्यात आली. फोनवर ही श्रेणी दिलेली असेल तर ती 3 किंवा 4 असलेली बरी. मशीन घेताना एवढं जरूर विचारा: "यात टी आहे का, आणि तो चालू करून दिलाय का?" पुष्कळांच्या मशीनमध्ये कॉइल असते, पण चालूच केलेली नसते.

ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना मात्र कॉइलचा उपयोग नाही. 1964 मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बहिऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने टंकयंत्र फोनला जोडणारी पेटी बनवली. 1400 आणि 1800 हर्ट्झच्या दोन सुरांत अक्षरं तारेवरून जायची. आज तेच काम मेसेज आणि व्हिडिओ कॉल करतात. पणजीत बेतीच्या फेरीबोटीची वाट पाहताना दोन मुलं खांबाला मोबाइल टेकवून हातवाऱ्यांनी बोलताना मी पाहिली. एकाने मध्येच थांबून मोबाइल फिरवला, सूर्य पाठीमागे होता म्हणून. चेहरा काळा दिसला की अर्धं वाक्य जातं, आणि नेट अडखळलं की बोटांची अक्षरं पुसतात. "आता मोबाइल सगळं लिहून दाखवतो" असं म्हणणाऱ्यांनी आपल्या कोकणी-मराठी मिसळीचं बोलणं त्याला ऐकवून पाहावं.

आणि एक कळकळीने. मूल बोलत नाही म्हणून वेखंड उगाळून जिभेला लावत, नवस बोलत महिने घालवू नका. बरेचदा जीभ ठीक असते, पण कानावर शब्दच पडलेला नसतो. आधी श्रवण तपासून घ्या. 2016 च्या दिव्यांग कायद्यात रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधनं सगळ्यांना वापरता येतील अशी असावीत, असं लिहिलेलं आहे. पणजीत 2023 च्या जानेवारीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सवही झाला. पण दुकानात फोन दाखवताना तो मशीनशी जुळतो का हे कुणी सांगत नाही, ते आपणच विचारायला हवं.

मावशीची डबी मी उघडली. मशीन 'टी'वर टाकली, रिसीव्हर तिच्या कानामागे नेला, थोडा वर, थोडा तिरका. दुसऱ्या टोकाला लेक होती. मावशीने डोळे बारीक केले, हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाली, "सातची ना गो? सात!"