जुन्या शिलाई मशीनच्या रोगणाची सफाई आणि डागडुजी

साधारण १९५० पर्यंत बनलेले घरगुती शिलाई मशीन बहुतेक एकाच रूपाचे असते : ओतीव लोखंडाचे जड अंग, त्यावर काळेभोर चकचकीत रोगण आणि रोगणावर सोनेरी वेलबुट्टी. मूळ रोगणाला आणि नक्षीला धक्का न लावता त्यावर बसलेला तेलामळाचा थर उतरवणे व गेलेली चकाकी जमेल तितकी परत आणणे, असे या कामाचे स्वरूप आहे. मशीन चालू करणे हे काम वेगळे. जाम झालेल्या मशीनला चार दिवस तेल पाजले की ते बहुधा फिरू लागते. तुटलेला भाग दुसऱ्या मशीनचा काढून बसवता येतो. पुसून गेलेली नक्षी मात्र परत येत नाही. शंभर वर्षे टिकलेली नक्षी हौसेने केलेल्या एका दुपारच्या घासपुशीत जाते, आणि ती घालवणारे द्रव बहुतेक वेळा घरातल्याच एखाद्या बाटलीतले असते.

काळ्या रंगाची घडण

हा काळा रंग म्हणजे ऑइलपेंट नव्हे. या कारागिरीला जपानिंग म्हणतात. सतराव्या शतकात चीन-जपानमधून युरोपात जाणाऱ्या काळ्या, आरशासारख्या पेट्या-तबकांचे तिकडे मोठे आकर्षण होते. त्या वस्तूंवर एका झाडाचा चीक थरांवर थर देऊन चढवलेला असे. ते झाड युरोपात नव्हते, म्हणून तिथल्या कारागिरांनी आपली वाट काढली. वेल्समधले पाँटिपूल आणि इंग्लंडमधली बिल्स्टन, वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम ही गावे या कामासाठी नावाजली. धातूवर लावायच्या काळ्या रोगणात अस्फाल्ट, म्हणजे खनिज डांबर, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन असे. त्याचा हात देऊन वस्तू भट्टीत तासन्‌तास भाजत. भाजल्यावर तो थर कडक, चिवट आणि खोल काळा होई. शिलाई मशीनला हे रोगण फार मानवले, कारण त्याच्यावर रोज तेल सांडते आणि भाजलेल्या जपानिंगला तेलाचे काही वाटत नाही.

त्या काळ्यावर डेकल, म्हणजे कागदावर छापून ओलाव्याने उतरवलेली पातळ नक्षी, चिकटवत. सिंगरच्या मशीनवरची नक्षी तर नावांनी ओळखली जाते : मशीनच्या आडव्या हातावर स्फिंक्स, म्हणजे सिंहाचे अंग आणि माणसाचे डोके असलेली इजिप्तची आकृती, असलेले, कमळांचे, आणि लाल डोळ्यांसारख्या आकृत्यांमुळे ‘रेड आय’ म्हटले जाणारे. स्फिंक्सच्या नक्षीचा संबंध इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या कबरीशी जोडावासा वाटतो, पण ती कबर १९२२ मध्ये सापडण्याच्या कितीतरी आधीपासून ही नक्षी मशीनवर होती. नक्षी झिजू नये म्हणून तिच्यावर शेवटचा पारदर्शक हात दिलेला असे. सफाईचा सगळा जीव या शेवटच्या हातात आहे.

तो पारदर्शक थर बहुतेक जुन्या मशीनवर लाखेचा असतो, किंवा निदान लाखेसारखा वागतो. लाख म्हणजे कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांनी स्रवलेली राळ. झारखंड आणि छत्तीसगड ही तिची मोठी ठिकाणे. पूर्व विदर्भातही ती होते. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली, इतके या मालाला महत्त्व होते. जगाला लागणारी बरीचशी लाख त्या काळी भारतातूनच जाई. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या सिंगर कारखान्यातून बोटीने आलेल्या मशीनवरची चकाकी आपल्याकडच्याच जंगलातून तिकडे गेलेली असू शकते. हे कळल्यावर त्या काळ्या मशीनकडे पाहायची नजर थोडी बदलते.

लाखेला काय सोसत नाही

लाख स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळते. सोडा, अमोनिया, टाकणखार अशा क्षारांतही विरघळते. ओल फार वेळ राहिली तर ती पांढुरकी पडते आणि उष्णतेने मऊ होते. हे एकदा लक्षात ठेवले की बाकीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. सॅनिटायझर, काच पुसायचे निळे पाणी, भांड्यांचा साबण, खाण्याचा सोडा, नेलपॉलिश काढायचे द्रव यांतले काहीच या मशीनला लावायचे नाही. अमोनिया असलेले पितळेचे पॉलिश काळ्या भागावर फिरवले की कापडावर आधी तपकिरी, मग सोनेरी रंग उतरतो. तो मळ नसतो, ती नक्षी असते.

आपल्या घरांत याचे एक खास चिन्ह दिसते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला मशीनची पूजा होते. हळदकुंकवाचे ओले बोट दरवर्षी त्याच जागी, सुईच्या वरच्या भागावर किंवा हाताच्या मधोमध टेकते. पारंपरिक कुंकू हळदीला चुना किंवा दुसरा क्षार देऊन केलेले असते. क्षार आणि ओल, लाखेचे दोन्ही वैरी त्या एका टिळ्यात येतात, आणि तो बरेचदा पुढच्या वर्षापर्यंत तसाच राहतो. पुष्कळ जुन्या मशीनवर नेमके त्या जागी बोटाएवढे निस्तेज वर्तुळ असते. पूजा सोडायचे कारण नाही. मशीनवर आधी तेलाचा हात फिरवावा, टिळा कोरडा लावावा आणि दुसऱ्या दिवशी पुसून घ्यावा. त्या जागी उरलेली जुनी खूण मात्र मी तरी घालवणार नाही. त्या घरातल्या बाईने किती दसरे त्या मशीनवर काढले, हे सांगणारी दुसरी नोंद कुठेच नसते.

तेलाने सफाई

सर्वांत निर्धोक पदार्थ मशीनशेजारीच असतो : मशीनचे पांढरे, पातळ, वासहीन तेल. हे खनिज तेल आहे. ते लाखेला विरघळवत नाही, पण वाळलेल्या जुन्या तेलाचा चिकटा सैल करते. खोबरेल चालत नाही. ते थंडीत गोठते आणि पुढे खवट, चिकट होते.

आधी मशीनच्या मागच्या बाजूला, खाली, जिथे नक्षी नाही आणि नजरही जात नाही, तिथे कान साफ करायची कापसाची काडी तेलात बुडवून हलकेच फिरवावी. कापसावर पिवळा-तपकिरी रंग आला तर तो मळ. काळा रंग आला तर रोगणच सुटते आहे आणि तिथेच थांबायचे. मग तीच परीक्षा नक्षीच्या एखाद्या टोकाशी घ्यावी. कापसावर सोनेरी कण चमकला की त्या नक्षीला यापुढे बोटसुद्धा लावायचे नाही, फक्त भोवतालचे साफ करायचे.

परीक्षेत मशीन उतरले की अंगभर तेल लावून रात्रभर ठेवावे. सकाळी जुन्या, मऊ झालेल्या सुती कापडाने टिपून घ्यावे. घासायचे नाही, टिपायचे. पहिल्या दिवशी फारसा फरक दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी करडी वाटणारी बैठक, म्हणजे मशीनचा खालचा सपाट भाग, एकाएकी काळी दिसू लागते आणि पानांच्या शिरा वाचता येतात. नक्षीवर तर कापडापेक्षा बोटाचे पेर बरे, कारण खाली खरखर लागली तर ती बोटाला लगेच कळते. बैठकीच्या कोपऱ्यातल्या क्रमांकाच्या आकड्यांत साठलेली घाण लाकडी टूथपिकने निघते. पुढची कड बहुतेक झिजलेलीच असते, कारण कापड आणि मनगट वर्षानुवर्षे तिथूनच सरकलेले असते. टाचण्यांचे बारीक ओरखडेही तिथेच असतात. ती झीज सफाईने जात नाही आणि जायला नको.

रॉकेलबद्दल दुरुस्ती करणाऱ्यांत दोन मते आहेत. शटल, दाते, पट्ट्या, स्क्रू असे सुटे लोखंडी भाग रॉकेलमध्ये भिजवायला हरकत नाही. ते लगेच पुसून तेल लावावे, नाहीतर गंज धरतो. रंगवलेल्या अंगावर काहीजण रॉकेल वापरतात आणि बरेचदा निभावतेही. पण ज्या मशीनच्या पारदर्शक थराला आधीच भेगा आहेत तिथे ते भेगांत शिरते. तेलाने जे चार दिवसांत होते ते रॉकेलने अर्ध्या तासात करण्याची घाई कशासाठी, हे मला कधी समजले नाही.

निकेलचा मुलामा दिलेले भाग, म्हणजे हातचाकाची कड, सुईवरची नक्षीदार पट्टी आणि सरकपट्टी, काढून वेगळेच चमकवावेत. त्यांच्यावर जुन्या तेलाचा पिवळट पापुद्रा असतो आणि लोक त्याला गंज समजतात. धातूच्या पॉलिशने तो सहज जातो. काढण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो काढून ठेवावा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा पेचकस नसेल तर स्क्रूला हात लावू नये. घसरलेल्या पेचकसाचा ओरखडा जपानिंग फोडून थेट लोखंडापर्यंत जातो.

सोनेरीचे चंदेरी होणे

चुकीच्या सफाईची सगळ्यांत ओळखीची खूण म्हणजे सोनेरी नक्षीचे चंदेरी होणे. वरचा पिवळसर पारदर्शक थर निघाला की खालची नक्षी फिकट, चांदीसारखी दिसते. मालकाला सुरुवातीला वाटते की मळ निघून खरा रंग आला. तो आणखी घासतो आणि पुढच्या हाताला नक्षीच नाहीशी होते.

फ्रेंच पॉलिश

लाखेचा थर फुटला, निस्तेज झाला तर तो दुरुस्त करता येतो, आणि तो ज्या गुणामुळे दुबळा तोच गुण इथे उपयोगी पडतो. स्पिरिटमधली नवी लाख जुन्या लाखेला वरून किंचित विरघळवते, दोन्ही एकजीव होतात आणि भेगा भरतात. लाकडी कपाटे-पलंगांना फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर हेच करतात, सामानही तेच : चपडा, म्हणजे पापुद्र्यांच्या रूपातली लाख, आणि स्पिरिट. मशीनसाठी मेण काढलेली लाख घ्यावी. एक लिटर स्पिरिटला सुमारे १२० ग्रॅम, म्हणजे पातळच. द्रावण ताजे असावे; महिनोन्‌महिने ठेवलेले नीट वाळत नाही.

कापसाचा बोळा गुळगुळीत सुती कापडात बांधून पुरचुंडी करतात. ती द्रावणात भिजवून जवळजवळ कोरडी पिळायची, तळाला बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, एक थेंब लावायचा. हात चालू असतानाच पुरचुंडी टेकते आणि चालू असतानाच उचलते. ती जागच्या जागी एक क्षण थांबली तरी खालचा थर उचलून घेते. नक्षीवरून पहिले काही हात एकदाच आणि हलके. तिथे घोटत बसले तर स्पिरिट डेकलही ओढून नेते. पाचसहा पातळ हात, मध्ये वाळायला वेळ, मग काही दिवस विश्रांती आणि शेवटी कार्नोबा मेणाचा, म्हणजे एका ताडाच्या पानांवरच्या कडक मेणाचा, हलका हात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत ताजी लाख पांढरी धरते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकते. काम संपल्यावर ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून टाकावी.

पुन्हा रंगवणे

रोगण अर्ध्याहून जास्त उडाले, खाली गंज आला, तर काहीजण मशीन खरवडून मोटारीच्या रंगाने रंगवतात आणि नव्याने छापलेली डेकल लावतात. अगदीच उघड्या पडलेल्या लोखंडाला ते योग्य. थोडी झीज झालेल्या मशीनवर तसे करू नये. नवा रंग गुळगुळीत होतो, पण भाजलेल्या डांबराचा उबदार काळा त्यात येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरची बदामी, हिरवी, निळसर मशीने मात्र वेगळ्या कडक इनॅमलची असतात. त्यांना ओल्या कापडावरचा सौम्य साबण चालतो, मोटार आणि वायर वगळून. लुधियानाची अलीकडची काळी मशीने जुन्यांसारखी दिसतात, पण तिथेही आधी कापसाच्या काडीने परीक्षा घ्यावी.

साफ केलेले मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये. आत दमट हवा कोंडते आणि लाख पांढरी पडते. सुती कापड किंवा मूळचे लाकडी टोपण पुरे. महिन्यातून एकदा तेल देताना उरलेल्या तेलाच्या थेंबाने बैठकीवरून बोट फिरवावे.