उकाम मुर्सिया

उकाम मुर्सिया : स्पेनच्या आग्नेय भागातील मुर्सिया शहराचा फुटबॉल क्लब. सान अंतोनिओ कॅथलिक विद्यापीठ या खासगी विद्यापीठाच्या मालकीमुळे तो ओळखला जातो. ‘उकाम’ ही विद्यापीठाच्या स्पॅनिश नावाचीच (उनिव्हेर्सिदाद कातोलिका … दे मुर्सिया) आद्याक्षरे होत. 2016–17 हा एकच हंगाम तो राष्ट्रीय साखळीच्या दुसऱ्या स्तरावर (सेगुंदा दिव्हिसिओन) खेळला. एरवी त्याचा इतिहास खालच्या स्तरांवरचा आहे.

हे विद्यापीठ 13 नोव्हेंबर 1996 रोजी कार्ताखेनाचे बिशप हाविएर असाग्रा यांच्या आज्ञापत्राने अस्तित्वात आले. मात्र ते उभारून चालवले होसे लुइस मेंदोसा (मृत्यू 2023) या धर्मगुरू नसलेल्या गृहस्थाने. मुख्य परिसर शहरालगतच्या ग्वादालूपे गावी, हिएरोनिमाइट संन्याशांच्या अठराव्या शतकातील मठात आहे. खेळ हा विद्यापीठाच्या प्रसिद्धीचा प्रमुख मार्ग ठरला. स्पेनच्या अनेक ऑलिंपिकपटूंना त्याने शिक्षण व आर्थिक पाठबळ दिले. रिओ येथे 2016 च्या अंतिम सामन्यात पी. व्ही. सिंधूला हरवणारी बॅडमिंटनपटू कारोलिना मारिन त्यांपैकीच एक.

क्लबचे स्थापनावर्ष सामान्यतः 1999 दिले जाते. ते स्वीकारायला हरकत नाही. पण मुर्सियात त्याच वर्षी सिउदाद दे मुर्सिया नावाचा दुसराही क्लब स्थापन झाला होता, हे ध्यानात ठेवावे. तो 2003 मध्ये दुसऱ्या स्तरावर पोहोचला आणि 2007 मध्ये विकला जाऊन ग्रानादाला हलवला गेला. तेथे तो ‘ग्रानादा 74’ झाला. त्याच्या चाहत्यांनी 2010 मध्ये लोकवर्गणीच्या भागभांडवलावर त्याच नावाचा वेगळा क्लब काढला. शहर तेच व पहिल्याचे स्थापनावर्षही तेच असले, तरी या दोन्हींना उकामचे पूर्वज मानता येत नाही.

‘विद्यापीठाच्या मालकीचा’ हे वर्णन कायद्याच्या दृष्टीने थोडे सैल आहे. स्पॅनिश परंपरेत क्लब ही सभासदांची संघटना असते आणि संघटनेला मालक नसतो. वाढत्या कर्जांना आळा घालण्यासाठी केलेल्या 1990 च्या क्रीडा कायद्याने पहिल्या दोन, म्हणजे व्यावसायिक स्तरांवरील क्लबांना भागभांडवल असलेली क्रीडा कंपनी होणे भाग पाडले. रेआल माद्रिद, बार्सेलोना, अॅथलेटिक बिल्बाओ व ओसासुना या चौघांना सूट मिळाली. मालकी हा शब्द काटेकोर अर्थाने लागू होतो तो अशा कंपनीलाच. खालच्या स्तरावरच्या क्लबाबाबत अध्यक्षपद, निधी आणि नाव यांवरील ताबा, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. लॅटिन अमेरिकेत विद्यापीठाच्या नावाचे क्लब जुने व लोकप्रिय आहेत. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा पूमास किंवा इक्वाडोरची राजधानी किटो येथील एलडीयू (लिगा देपोर्तिव्हा उनिव्हेर्सितारिया) ही ठळक उदाहरणे. स्पेनमध्ये असा क्लब अपवादच. दुसऱ्या स्तरावर पोहोचलेला पहिला विद्यापीठीय क्लब हा मान उकामला देण्याचा मोह होतो; परंतु लास पाल्मास विद्यापीठाचा, 1994 मध्ये स्थापन झालेला क्लब 2000–01 मध्येच तेथे एक हंगाम खेळून गेला होता. अग्रक्रम त्याचाच मानणे अधिक योग्य. तोही पहिल्याच वर्षी खाली आला आणि 2011 मध्ये बंद पडला.

उकामचे मैदान ला कोंदोमिना. 25 डिसेंबर 1924 रोजी खुले झालेले हे स्टेडियम शहरातील थोरला क्लब रेआल मुर्सिया याचे घर होते. 2006 मध्ये रेआल मुर्सिया शहराबाहेरच्या नव्या मैदानावर गेला. जुन्या मैदानाची आसनक्षमता आता बरीच आक्रसली असून ती सुमारे 6 हजार आहे.

आरंभीची वर्षे प्रादेशिक साखळ्यांत गेली. 2010 च्या दशकाच्या पूर्वार्धात क्लब तिसऱ्या स्तरावर (सेगुंदा दिव्हिसिओन बी) चढला, घसरला आणि 2014 मध्ये परतला. त्याच उन्हाळ्यात आर्थिक अटी न पाळल्याबद्दल रेआल मुर्सियाला दुसऱ्या स्तरावरून खाली ढकलण्यात आले आणि शहरातील थोरला व धाकटा क्लब एकाच गटात आले. प्रशिक्षक होसे मारिया साल्मेरोन यांच्या हाताखाली उकामने 2015–16 मध्ये चौथ्या गटाचे विजेतेपद मिळवले.

या स्तरावर तेव्हा चार गट होते. चार गटविजेत्यांच्या दोन जोड्या लावत आणि प्रत्येक जोडीचे दोन सामने होत. जिंकणाऱ्याला थेट बढती, हरणाऱ्याला उपविजेत्यांबरोबरच्या फेऱ्यांतून आणखी एक संधी. उकामसमोर रेआल माद्रिदचा राखीव संघ कास्तिया आला. त्याला हरवून उकामने बढती मिळवली आणि रेआल मुर्सियाला मागे टाकून तो शहराचा अव्वल क्लब ठरला. निदान कागदावर तरी. गर्दीचे प्रेम गुणतक्त्याप्रमाणे हलत नाही.

दुसऱ्या स्तरावर 22 संघ होते आणि शेवटचे चार खाली जाणार होते. डिसेंबर 2016 मध्ये साल्मेरोन यांच्या जागी फ्रान्सिस्को रोद्रिगेस आले, तरी क्लब 19 वा राहिला. त्याच्याबरोबर मायोर्का, एल्चे व मिरांदेस घसरले. या तिघांपैकी पहिले दोन 2018 मध्ये आणि मिरांदेस 2019 मध्ये वर परतले. मायोर्का तर 2019 मध्येच पहिल्या स्तरावर गेला. उकामला मात्र ते जमले नाही. अगदी जवळ तो आला 2021 मध्ये, पण बढतीच्या निर्णायक सामन्यात इबिसाकडून 0–1 असा हरला. त्याच वर्षी साखळीची फेररचना होऊन तिसरा स्तर लहान व अधिक चुरशीचा झाला. तेथे एकच हंगाम टिकून क्लब 2022 मध्ये चौथ्या स्तरावर (सेगुंदा फेदेरासिओन) उतरला.

विद्यापीठाच्या नावाने खेळणाऱ्या बास्केटबॉल क्लबची कामगिरी याहून सरस आहे. 2024 मध्ये त्याने स्पेनच्या सर्वोच्च साखळीची अंतिम फेरी गाठली. तेथे तो रेआल माद्रिदकडून हरला.